टेबलाखालचं खोकं

खोकं ए-4 कागदाच्या रिमांचं. वर मार्करनं 'टाकू नये' असं लिहिलंय, अक्षर माझंच. दर दिवाळीच्या आवराआवरीत ते टेबलाखालून बाहेर येतं, त्यावरून घरात दोन शब्द होतात आणि ते परत टेबलाखाली जातं. यंदा दिवाळीची वाट न बघता काढावं लागलं. 2003 साली मी जुळणी केलेल्या एका पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढायची म्हणून लेखकाच्या नातवाचा फोन आला. "काका, फाइल असेलच ना तुमच्याकडे?"

फाइल आहे. पेजमेकर 6.5 ची, अक्षरं युनिकोडच्या आधीच्या फाँटची. म्हणजे पेजमेकर हवं, फाँट हवा, फाँटची चावी हवी आणि या तिघांना अंगाखांद्यावर घेणारं विंडोज एक्सपी हवं. एक्सपी बाजारात आलं 25 ऑक्टोबर 2001 ला. 8 एप्रिल 2014 नंतर मायक्रोसॉफ्टनं त्याची डागडुजी थांबवली. माझ्या टेबलावरचा संगणक 2023 चा. या दोघांची गाठ घालून द्यायला आजवर जे जे लागलं ते सगळं या खोक्यात आहे. फोनवर एवढं कुठे सांगत बसणार? "बघतो" म्हणालो.

एक्सपीची सीडी, नग 2.

एक विकतची, एक मी राइट केलेली. नव्या संगणकाला सीडीचा कप्पाच नाही, पण ते किरकोळ. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. खरी अडचण जोत्यात आहे. एक्सपी उभं राहतं ते बायोस नावाच्या जुन्या व्यवस्थेवर, आणि तिची जागा आता यूईएफआयनं घेतली आहे. मधली काही वर्षं नव्या बोर्डांना जुन्याचं सोंग घेता यायचं; सेटिंगमध्ये 'सीएसएम' नावाचा पर्याय असायचा. 2020 पर्यंत हे सोंग बंद करायचं, असं इंटेलनं 2017 मध्येच सांगून टाकलं होतं. माझ्या संगणकात तो पर्याय नाही. सीडी घातली तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ विंडोज 11 उघडतो. निदान एखादी चूक तरी दाखवायची!

फ्लॉपी ड्राइव्ह, नग 1. फ्लॉप्या, नग 11.

एक्सपी बसवताना निळ्या पडद्याच्या तळाशी एक ओळ यायची: बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ6 दाबा. दाबलं की तो ड्रायव्हर मागायचा फक्त ए ड्राइव्हमधून. सीडी चालत नाही, पेनड्राइव्ह चालत नाही, फ्लॉपीच. आणि ड्रायव्हर नाही दिला तर एक्सपीला नव्या पद्धतीची हार्ड डिस्क दिसतच नसे. 7बी या आकड्यानं संपणारा निळा पडदा यायचा आणि सगळं तिथंच थांबायचं. पाचशे जीबीची डिस्क ओळखायला 1.44 एमबीची फ्लॉपी. सोनीनं 2011 साली फ्लॉप्या बंद केल्या. दुसरी सीडी मी राइट केली ती याचसाठी: एनलाइट नावाच्या फुकट प्रोग्रामनं तो ड्रायव्हर सीडीच्या पोटातच घालता येतो. तेव्हापासून ड्राइव्ह खोक्यात पडून आहे. अकरांपैकी किती फ्लॉप्या अजून वाचता येतात ते मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.

डिस्क मात्र आजही सी पासूनच सुरू होते. ए आणि बी या फ्लॉपीच्या जागा. पंगतीत पहिले दोन पाट मोकळे सोडून तिसऱ्यावर बसावं, तशी ती बसते. ते दोघं जेवायला येणार नाहीत हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

गोल पिनेचा कीबोर्ड, नग 1.

पिनेभोवती जांभळं प्लॅस्टिक. माउसचं हिरवं असायचं. तो माउस केव्हाच गेला. हा कीबोर्ड मी टाकायला निघालो होतो आणि त्याच आठवड्यात त्यानं माझी लाज राखली. गोष्ट माझ्या आधीच्या, 2016 च्या संगणकावरची. एक्सपी बसवायला घेतलं. निळ्या पडद्यावरचा टप्पा झकास झाला: करारनाम्याला एफ8, डिस्कचे भाग पाडणं, एंटर, एंटर. संगणक आपणहून बंद होऊन चालू झाला, रंगीत पडदा आला, डावीकडे '39 मिनिटं शिल्लक' असं आलं. (ही 39 मिनिटं ज्यानं पाहिली नाहीत त्यानं एक्सपी बसवलेलंच नाही.) मग त्यानं माझं नाव विचारलं. चौकटीत कर्सर लुकलुकतोय आणि कीबोर्ड मेलेला. माउसही मेलेला. पहिल्या टप्प्यात कीबोर्ड सांभाळत होता बायोस. दुसऱ्या टप्प्यात ताबा घेतला विंडोजनं, आणि यूएसबी 3 चा आराखडाच 2008 चा, तो 2001 च्या विंडोजला कुठून ठाऊक असणार? त्या पिढीच्या चिपसेटपासून इंटेलनं यूएसबीचा जुना कंट्रोलरही काढून टाकला होता. दहा मिनिटं मी त्या चौकटीसमोर बसलो. स्वतःचं नाव सांगता येत नाही, ही अवस्था विचित्र असते. मग मागे वाकून पाहिलं, तर बोर्डावर एक गोल भोक शिल्लक होतं.

नव्या संगणकाला ते भोकही नाही.

पंचवीस अक्षरांचं लेबल.

जुन्या कॅबिनेटच्या कुशीवरून ब्लेडनं काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. ओल्या फडक्यानं पुसून पुसून चौथ्या गटातलं एक अक्षर गेलंय. ते बी आहे की आठ, हे दर वेळी दोनदा चुकून कळतं.

सेल, नग 2.

बोर्डावर घड्याळ चालू ठेवणारा, चपटा, नाण्याएवढा. नाव सीआर2032: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. तो संपला की संगणक तारीख विसरतो आणि बोर्डाच्या जन्माच्या आसपासचं कुठलं तरी साल सांगू लागतो. या यादीत नामशेष न झालेली वस्तू ही एकटीच. कोपऱ्यावरचा घड्याळवाला आजही देतो, वर बसवूनही देतो.

टर्बोचं बटण. (नुसतं बटण, यंत्र नाही.)

386 आणि 486 च्या कॅबिनेटवर असायचं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्याचा. जुने काही प्रोग्राम प्रोसेसरच्या गतीलाच घड्याळ समजायचे. यंत्र वेगवान झालं की त्यांची धांदल उडायची. या रोगाचा नमुना माझ्याकडे होता. एका मित्रानं टर्बो पास्कलमध्ये बिलांचा छोटासा प्रोग्राम लिहून दिला होता. नवं पेंटियम घेतलं त्या दिवसापासून तो उघडेना. 'रनटाइम एरर 200', बस्स. मी व्हायरस शोधत बसलो. कारण भलतंच निघालं. सुरू होताना तो प्रोग्राम यंत्राची नाडी बघायचा: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे 55 मिलिसेकंदांत, रिकामे फेरे किती होतात ते मोजायचा आणि त्याला 55 नं भागायचा. यंत्र इतकं जलद की भागाकार त्याच्यासाठी राखलेल्या सोळा बिटांत मावेना, आणि तो 'शून्यानं भागलं' म्हणून कोसळायचा. विंडोज 95 चंही तेच, 2.1 गिगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर दिला की ते सुरू होतानाच अडकायचं, हे मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय. यंत्र हळू आहे म्हणून माणसं रडायची. ते फार जलद आहे म्हणून प्रोग्राम मरतो, हे मला कुणाला पटवून देता आलं नाही.

चौसष्ट बिटांचं विंडोज डॉसचे प्रोग्राम मुळातच चालवत नाही. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम चालवतो. त्यात कंट्रोल आणि एफ11 दाबलं की यंत्र हळू होतं, एफ12 नं जलद. म्हणजे टर्बोचं बटण कॅबिनेटवरून निघून कीबोर्डवर राहायला आलं. 1997 ची बिलं मी अजून बघू शकतो. त्यातली तीन यायची आहेत.

चावी, नग 1. केबल, नग 1.

चावी म्हणजे काडेपेटीएवढा ठोकळा, दोन्ही बाजूंना पंचवीस पिनांचं तोंड. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या भोकात ती बसवायची आणि तिच्या पाठीत प्रिंटरची केबल खोचायची. ती असेल तर मराठी टाइप होणार. काढली की कीबोर्ड इंग्रजी. ऑफिस बंद करताना गल्ल्याची किल्ली आणि ही चावी दोन्ही खिशात घालून घरी नेणारे मालक मी अप्पा बळवंत चौकात पाहिलेत. संगणक चोरीला गेला तर दुसरा घेता येई, चावी गेली तर धंदा बसे.

माझी चावी शाबूत आहे. ती जिथं बसायची ते भोक राहिलं नाही. तपकीर गल्लीतून यूएसबीची केबल आणली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पंचवीस पिना. दुकानदार म्हणाला, सगळं चालतं. प्रिंटर चालला. चावी नाही. ती केबल संगणकाला फक्त 'मी प्रिंटर आहे' एवढंच सांगते, आणि चावी ओळखणारा प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. तिथं कुणीच राहत नाही. केबल परत घेतली गेली नाही, म्हणून तीही खोक्यात.

एक खूण.

ही वस्तू नाही, एका चौकटीतली बरोबरची खूण. एक्सपीत रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस, त्यात पहिली चौकट. ती टिक केल्याशिवाय युनिकोड मराठी नीट दिसायचं नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे, जोडाक्षरं सुटी. टिक केली की तो सीडी मागायचा. घरोघरचे संगणक दुकानातून सीडीशिवाय आलेले, त्यामुळे कित्येकांनी आपली भाषा कितीतरी वर्षं मोडलेल्या अवस्थेतच वाचली. आणि सीडी मिळून सगळं सुरळीत झालं की पुढ्यात यायचा मंगल फाँट, त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, हे शासनानं 2009 च्या निर्णयात लिहिलं. आमचे चावीवाले फाँट या दोन अक्षरांत आधीपासून पक्के होते, म्हणून छापखान्यांनी ते सोडले नाहीत. नुसता आळस नव्हता तो.

नेटची वायर, नग 0.

एक्सपीला नेट जोडत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी पुन्हा ठिगळ काढावं लागलं होतं. शिवाय जोडून उपयोगही नाही; त्याचा ब्राउझर आजच्या बहुतेक साइटींची कुलुपं उघडू शकत नाही. घरात या खोक्यावरून फार झालं की मी रिझर्व्ह बँकेचं उदाहरण देतो: एटीएममधलं एक्सपी टप्प्याटप्प्यानं जून 2019 पर्यंत काढा, असं तिनं बँकांना जून 2018 मध्ये लेखी कळवलं. म्हणजे तोपर्यंत तुमचेही पैसे तोच मोजून देत होता.

पेनड्राइव्ह, 2 जीबी, नग 3.

लहान म्हणूनच ठेवलेत. आताचे 64 किंवा 128 जीबीचे बहुधा एक्सफॅट पद्धतीचे येतात. वेगळं ठिगळ लावल्याशिवाय एक्सपीला ते वाचता येत नाहीत. तो विचारतो, फॉरमॅट करू का? या प्रश्नाला एकदा 'हो' म्हणालोय. परत नाही.

वाट.

हीही खोक्यात मावत नाही. सकाळी बटण दाबायचं, काळ्या पडद्यावर तीन निळे ठिपके डावीकडून उजवीकडे पळू लागायचे, तेवढ्यात छत्री वाळत घालायची, खाली चहा सांगून वर यायचं; ठिपके पळतच असायचे. आता ते दोन फेऱ्यांत संपतात. एक्सपीला इतक्या लवकर जागं होताना पाहून पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

तर हे नव्या यंत्रावर चालतं कसं? खोटं बोलून. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम विंडोज 11 च्या एका खिडकीत दुसरा संगणक असल्याचा भास उभा करतो. त्याच्या भाषेत विंडोज 11 यजमान आणि एक्सपी पाहुणा. पाहुण्याला तो नव्वदच्या दशकातला इंटेलचा चिपसेट दाखवतो, जुन्या पद्धतीची डिस्क दाखवतो, बायोस दाखवतो, मागितला तर ए ड्राइव्हसुद्धा दाखवतो. यजमानाकडे 16 जीबी मेमरी. पाहुण्याला मी 512 एमबी दिली आणि तो खूश आहे. पूर्वी कीबोर्ड, डिस्क, बोर्ड अशा एकेका अवयवाशी भांडावं लागायचं, ते सगळं मिटलं. आख्खं ऑफिस आता नऊ जीबीच्या एका फाइलीत आहे. 2016 च्या संगणकावरही शेवटी मी हेच करत होतो. तिथला यजमान विंडोज 10. त्याचीही डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. पाहुणा तसाच, यजमान बदलला.

भोक मात्र खोटंखोटं उभं करता आलं नाही. म्हणजे चावी नाही, म्हणजे टायपिंग नाही. फाँट ही साधी फाइल असते, तेवढी मी जपली होती. त्यामुळे पुस्तक उघडतं, दिसतं, छापता येतं. लिहिता येत नाही.

कन्व्हर्टर करून बघितला. त्या फाँटांत अक्षरं रोमन घरांत बसवलेली. फाँट काढून घेतला की पानभर रोमन अक्षरं दिसतात, कुणाच्या डोक्यावर टिंबं, मधूनच पौंडाची खूण. आमच्याकडे टायपिंगला येणाऱ्या ताई ते तसंच्या तसं मराठीत वाचून दाखवायच्या. कन्व्हर्टरला तेवढं येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर. ते उचलून जागेवर ठेवताना तो मधूनच चुकतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करतो. तीनशे पानं पुन्हा तपासायला हवीत. हे काम पंधरा वर्षांपूर्वीच करून टाकायला हवं होतं, हे मला कळतं. नातवाला हव्या होत्या एकूण 41 दुरुस्त्या, आजोबांनी स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीनं केलेल्या. म्हटलं, आहे त्यातच करू.

मग जे केलं ते माझ्या वडिलांच्या पिढीच्या जुळाऱ्यानं ओळखलं असतं. अक्षरं टाइप होत नाहीत, पण पुस्तकात सगळी अक्षरं आहेतच. हवं ते अक्षर असलेला शब्द शोधायचा, कॉपी करायचा, जागेवर आणून ठेवायचा. पान 31 वरचा 'श्र', पान 8 वरचं 'त्त्व'. खिळ्यांच्या केसमधून खिळा उचलावा तसं. फरक एवढाच की खिळा उचलला की खणातून कमी व्हायचा, हा होत नाही. पहिल्या दुरुस्तीला पाच मिनिटं गेली. विसाव्या दुरुस्तीपर्यंत कुठलं अक्षर कुठल्या पानावर राहतं ते पाठ झालं.

कागद, नग 1.

ताईंचा. आल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर चार आकडे दाबले की एक जोडाक्षर, अशी हातानं लिहिलेली यादी. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली असायची. या युक्तीला चावी लागत नाही, म्हणून कागद बाहेर काढला. अडनिडी अक्षरं तेवढीच आहेत त्यावर. रोजची लिहायची त्यांना गरजच नव्हती. (लॅपटॉपवर बहुधा आकड्यांची पट्टीच नसते. तेही गेलं.)

एकेचाळिसावी दुरुस्ती पान 204 वर. 'मध्यान्ह' छापलंय, पेन्सिलीनं 'मध्याह्न' केलंय. आजोबांचं बरोबर आहे. 'ह्न' शोधला, पुस्तकात दुसरा नाही. कागद पाहिला; ती ओळ नेमकी चिकटपट्टीखाली आलेली, पट्टी सोडवली तर शाई पट्टीबरोबर निघाली. कॅरेक्टर मॅप उघडून घर न् घर बघायला लागलो आणि कंटाळून पान लहान केलं.

पेजमेकरमध्ये पानाच्या बाहेर, चारी बाजूंनी मोकळी जागा असते. टेबलावर पसरून ठेवावं तसं तिथं काहीही ठेवता येतं. फाइलीबरोबर राहतं, छपाईत येत नाही, पीडीएफमध्ये जात नाही. 2003 पासून तिथं कुणी डोकावलेलं नव्हतं. डाव्या बाजूला ताईंच्या तीन ओळी होत्या. 'तळटीप 112 मालकांना विचारणे.' खाली 'दूध 2, औषध.' आणि त्याखाली, काम सुरू करण्याआधी फाँट नीट आहे ना हे बघायला त्या नेहमी टाइप करायच्या ती ओळ: द्ध द्व द्म ह्म ह्य ह्न ऱ्ह.

शेवटून दुसरं. माउसनं तेवढंच निवडलं. कॉपी केलं, कट नाही.